नोकरी सांभाळून स्पर्धेची तयारी : स्ट्रीट फायटर ६ साठी सहा आठवडे, तीस तास

स्ट्रीट फायटर ६ या एकास-एक मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा दीड महिन्यावर आली आहे, ऑफिस किंवा कॉलेज संपवून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि जेवण उरकल्यावर हाताशी उरतो जेमतेम पाऊण तास. या पाऊण तासात बहुतेक जण एकच गोष्ट करतात: गेम चालू करून थेट रँक्ड (पॉइंटसाठीचे ऑनलाइन सामने) खेळतात. पाच-सात मॅच होतात, दोन जिंकतात, तीन हरतात आणि झोपायला उशीर होतो. दीड महिना असं केलं तर खेळायची सवय टिकते, पण खेळ फारसा पुढे सरकत नाही. समोरच्याने अचानक मारलेला ड्राइव्ह इम्पॅक्ट (फटके झेलत पुढे येणारा जोरदार हल्ला) त्या पाच-सात मॅचमध्ये आठ-दहा वेळाच वाट्याला येतो. ट्रेनिंग मोडमध्ये तोच प्रसंग दहा मिनिटांत चाळीस वेळा उभा करता येतो. वेळ कमी असेल तर सगळा फरक इथेच पडतो.

हा आराखडा साधारण गोल्ड ते डायमंड रँकच्या, म्हणजे खेळ येणाऱ्या पण सरावाला वेळ नसणाऱ्या खेळाडूसाठी आहे. आठवड्यातले चार दिवस ४० मिनिटं आणि रविवारी दोन तास वीस मिनिटं धरली, तर आठवड्याला पाच तास होतात आणि सहा आठवड्यांत साधारण तीस. एवढ्या वेळात नवं कॅरेक्टर शिकून होत नाही. वारंवार येणाऱ्या चार प्रसंगांची उत्तरं मात्र हातात बसवता येतात.

पहिलं काम : नियमावली वाचणं

सराव सुरू करण्याआधी स्पर्धेची नियमावली एकदा नीट वाचा. सामने ऑनलाइन आहेत की हॉलमध्ये? पीसीवर की पीएस५वर? बहुतेक ठिकाणी डबल एलिमिनेशन असतं: दोनदा हरलात की बाहेर. सुरुवातीचे सामने दोन गेम जिंकण्याचे आणि शेवटच्या आठांपासून तीन गेम जिंकण्याचे असतात. सामना दोनच गेम जिंकण्याचा असेल तर प्रतिस्पर्ध्याला ओळखायला वेळ मिळत नाही. म्हणून तुमची नेहमीची उत्तरं पहिल्या राउंडपासून तयार हवीत. हरलेल्याला कॅरेक्टर बदलता येतं आणि जिंकलेल्याला बदलता येत नाही, असा नियम सहसा असतो. तुमच्या स्पर्धेत तो आहे का ते पाहा.

कंट्रोलरचं कलमही बघून घ्या. पीसीवर बिनतक्रार चालणारं पॅड किंवा स्टिक पीएस५वर चालेलच असं नाही. बटणांचा लेव्हरलेस बोर्ड वापरत असाल तर डावी-उजवी दिशा एकदम दाबल्यावर काय व्हायला हवं, याबद्दल नियम असू शकतो. हे स्पर्धेच्या सकाळी हॉलमध्ये कळलं तर सहा आठवडे पाण्यात.

एक कॅरेक्टर, एक कंट्रोल पद्धत

जून २०२३ मध्ये गेम आला तेव्हा १८ कॅरेक्टर होती आणि त्यानंतर दरवर्षी चारांची भर पडत गेली. सगळ्यांचा अभ्यास या वेळात होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ज्या कॅरेक्टरने सध्या सर्वात जास्त खेळता, तेच घ्या. ताकदीच्या यादीत वर असलेल्या दुसऱ्या एखाद्याकडे आत्ता वळू नका. मजबूत कॅरेक्टर कच्च्या हातात कमजोरच ठरतं.

मॉडर्न की क्लासिक, हा वादही याच आठवड्यात मिटवून टाका. क्लासिकमध्ये दिशांच्या क्रमाने काढावी लागणारी स्पेशल मूव्ह मॉडर्नमध्ये एका बटणावर निघते, त्याबदल्यात तिचं नुकसान सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं आणि काही नॉर्मल (साधे) हल्ले हातून जातात. उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणं मात्र खूपच सोपं होतं. दोन्ही पद्धतींनी लोक स्पर्धा जिंकतात. सध्या जी पद्धत हाताला आहे तीच ठेवा, सहा आठवड्यांत ती बदलण्यात शहाणपण नाही.

स्क्रीन आणि लाइन

गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. हॉलमधला मोठा टीव्ही गेम मोडवर नसेल तर त्याची दिरंगाई कित्येक फ्रेमची असते आणि ती सरळ तुमच्या प्रतिक्रियेतून वजा होते. घरी टीव्ही असेल तर गेम मोड चालू करा. गेमच्या सेटिंगमध्ये इनपुट डिले कमी करण्याचा पर्याय आहे, तोही चालू ठेवा. पीसीवर व्ही-सिंक (चित्र स्क्रीनच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवा. ऑनलाइन स्पर्धा असेल तर राउटरपासून केबल ओढा. वाय-फायवर खेळणाऱ्याची खूण समोरच्याला दिसते आणि अनेक जण ती पाहूनच सामना नाकारतात. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर राउटरला छोटा यूपीएस जोडून ठेवा. दोन मिनिटं लाइट गेला म्हणून सामना गमावल्याचं दुःख कोणाला सांगता येत नाही.

चाळीस मिनिटांची विभागणी

पहिली पाच मिनिटं हात मोकळा करायला, पुढची दहा उडी आणि ड्राइव्ह इम्पॅक्टसाठी, दहा पडल्यानंतर उठण्याच्या प्रसंगासाठी, पाच चुकलेल्या मूव्हला शिक्षा द्यायला आणि शेवटची दहा प्रत्यक्ष सामन्यांसाठी. मोबाइलवर टायमर लावा. टायमर नसेल तर कॉम्बोंचा (एकामागोमाग लागणाऱ्या हल्ल्यांच्या साखळीचा) सराव पाचाची पंचवीस मिनिटं खातो. तो हाताला गोड लागतो आणि त्यात कोणी उलट मारत नाही.

*हात मोकळा करताना.* चारच कॉम्बो: लाइट हल्ल्यातून निघणारा, मीडियम लागल्याचं दिसल्यावर चालू ठेवता येणारा, समोरच्याची मोठी चूक झाल्यावर हेवी बटणापासून सुरू होणारा आणि ड्राइव्ह इम्पॅक्टने भिंतीवर आपटल्यानंतरचा. प्रत्येक कॉम्बो डावीकडून पाच वेळा आणि उजवीकडून पाच वेळा. दहापैकी आठ वेळा निघत नसेल तर तो कॉम्बो छोटा करा. २०० नुकसान कमी मिळालं तरी चालेल. अर्ध्यात तुटलेला कॉम्बो समोरच्याला फुकटची पाळी देतो. उजव्या बाजूने खेळायचा सराव बहुतेक जण टाळतात आणि हॉलमध्ये नेमकी तीच खुर्ची मिळते.

*उडी आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट.* सगळ्यात जास्त मोबदला याच दहा मिनिटांत आहे, म्हणून सेटिंग नीट समजून घ्या. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे सुमारे ४३० मिलिसेकंद. डोळ्याने पाहून बोटाने दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. कागदावर वेळ भरपूर आहे. तरी तो लागतो, कारण त्या क्षणी तुम्ही दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत असता. त्यामुळे डमीला (ट्रेनिंग मोडमधल्या नकली प्रतिस्पर्ध्याला) फक्त इम्पॅक्ट मारायला लावून सराव केला तर तो फसवा ठरतो. विसातले वीस अडवता येतात आणि सामन्यात एकही अडवता येत नाही.

म्हणून डमीच्या रेकॉर्डिंगमध्ये चार वेगवेगळी दृश्यं भरा. पहिल्यात डमी थोडं पुढे-मागे चालतो आणि खाली बसून मीडियम किक मारतो. दुसऱ्यात तसंच चालून पुढे उडी मारतो. तिसऱ्यात चालून ड्राइव्ह इम्पॅक्ट. चौथ्यात नुसतं चालतो आणि शेवटी काहीच करत नाही. चारही रेकॉर्डिंगची सुरुवात सारखीच दिसली पाहिजे, नाहीतर तुम्ही चालण्याच्या ढबीवरूनच ओळखाल. प्लेबॅक रँडमवर ठेवा. आता तुमच्याही हाताला काम द्या: नुसतं उभं राहू नका, मागे-पुढे चालत राहा आणि अधूनमधून तुमचा आवडता मीडियम हल्ला मारत राहा. उडी दिसली की अँटी-एअर (उडी मारणाऱ्याला पाडणारा हल्ला), इम्पॅक्ट दिसला की उलट इम्पॅक्ट, बाकी सगळ्याला ब्लॉक.

उडी चढून खाली येईपर्यंत साधारण ४० फ्रेम जातात. त्यामुळे घाई नको. अँटी-एअर लागत नसेल तर बहुतेक वेळा तो उशिरा नाही, लवकर निघालेला असतो. र्‍यूचा लाइट शोर्युकेन (वर झेपावणारा ठोसा) असेल तर समोरचा शिखरावरून खाली यायला लागला की दाबा. खाली बसून हेवी पंच असेल तर थोडं आधी. आपल्या कॅरेक्टरची खूण शोधा: समोरच्याचे पाय तुमच्या डोक्याच्या उंचीवर आले की, अशी काहीतरी.

उलट इम्पॅक्ट का चुकतो, याची कारणं दोनच. एक म्हणजे तुमचा इम्पॅक्ट पहिल्याच फ्रेमपासून दोन फटके झेलतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी दाबला तरी चालतो. पण दिसताक्षणी दचकून आपण भलतंच बटण दाबतो. दुसरं म्हणजे त्या वेळी तुम्ही कॅन्सल न होणारा (मध्येच तोडून दुसरी मूव्ह काढता न येणारा) लांब हेवी हल्ला मारत होता. मग बोट कितीही चपळ असलं तरी काही उपयोग नाही, कारण हात अडकलेला आहे. अशा हल्ल्यांची यादी करा आणि कॉर्नरला पाठ असताना ती बटणं सोडून द्या. ड्राइव्ह गेज (ड्राइव्हच्या मूव्हसाठी लागणारी ऊर्जेची पट्टी) संपून बर्नआउट झाला असेल तर उलट इम्पॅक्ट निघतच नाही. तेव्हा उडी मारा, किंवा सुपर (वेगळी पट्टी भरल्यावर मिळणारा मोठा हल्ला) भरलेली असेल तर सुपर. सुपर आर्ट इम्पॅक्टचं आर्मर (फटके झेलायची ताकद) फोडते. भिंतीला पाठ लावून बर्नआउटमध्ये ब्लॉक केलात, तर कॅरेक्टर गरगरत उभं राहतं आणि राउंड तिथेच संपतो.

वीस प्रसंगांमागे किती बरोबर आले ते वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात दहा-अकरा आले तरी हरकत नाही. सलग तीन दिवस सोळा आले की पाचवं रेकॉर्डिंग भरा: ड्राइव्ह रश (झटक्यात पुढे धावणं) करून थेट थ्रो (पकडून फेकणं, जे ब्लॉकने अडत नाही). आकडा पुन्हा खाली येईल आणि तसाच यायला हवा.

*उठताना.* थ्रो झाल्यावर कॉर्नरमध्ये बरीच कॅरेक्टर पुन्हा लगेच थ्रो किंवा हल्ला लावू शकतात. हाच प्रसंग सर्वाधिक राउंड खातो आणि लोक त्याचा सराव सर्वात कमी करतात. रेकॉर्डिंग असं करा: तुमची पाठ भिंतीला, डमीने तुम्हाला थ्रो करणं हीच सर्व रेकॉर्डिंगची सुरुवात. त्यानंतर पहिल्यात उठताक्षणी लागणारा मीडियम हल्ला, दुसऱ्यात पुन्हा थ्रो, तिसऱ्यात एक पाऊल मागे येऊन तुमच्या चुकलेल्या थ्रोला हेवी हल्ल्याने शिक्षा. रेकॉर्ड करताना थ्रो ते पुढची कृती यातलं अंतर अचूक हवं. डमी एखाद-दोन फ्रेम उशीर करत असेल तर तुम्हाला त्यातून सुटायची वाईट सवय लागेल. स्क्रीनवरचा फ्रेम मीटर (प्रत्येक कृतीला किती फ्रेम गेले ते दाखवणारी पट्टी) चालू ठेवून तपासा आणि दोन-तीनदा पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं तरी करा.

उत्तरं तीन शिका, जास्त नको. मूळ उत्तर: आधी ब्लॉक आणि किंचित उशिरा थ्रोची दोन बटणं. हल्ला आला तर ब्लॉक होतो, थ्रो आला तर सुटतो, फक्त तिसऱ्या प्रकाराला फसतं. दुसरं: नुसता ब्लॉक, काहीही न दाबता. तिसरं: ओव्हरड्राइव्ह रिव्हर्सल (उठताक्षणी मारलेली जोरदार मूव्ह), ज्याला ड्राइव्ह गेजचे दोन बार जातात आणि ब्लॉक झाला तर तुम्हाला मोठी शिक्षा बसते. दहापैकी सहा वेळा पहिलं, तीन वेळा दुसरं, एकदा तिसरं, असं प्रमाण ठरवून खेळा. ड्राइव्ह पॅरी (बटणं धरून हल्ले झेलायची मूव्ह) धरून बसायची सवय मात्र सोडा. पॅरी धरलेल्याला थ्रो लागला तर तो पनिश काउंटर (चुकीची शिक्षा) धरला जातो आणि नेहमीपेक्षा जास्त लागतो.

*शिक्षा.* रिव्हर्सल सेटिंगमध्ये डमीला उठताना दोन पर्याय द्या: ओव्हरड्राइव्ह शोर्युकेनसारखी वर उडणारी मूव्ह आणि साधा ब्लॉक. तुम्ही त्याला पाडा, जवळ जा आणि ब्लॉक धरा. तो वर उडाला की घाबरून लाइट जॅब मारू नका. पूर्ण खाली येऊ द्या आणि जमिनीला टेकताना हेवी बटणापासून कॉम्बो चालू करा. हवेत असतानाच मारलं तर छोटासा फटका बसून सगळं वाया जातं. या एका चुकीमुळे हजाराच्या वर नुकसान सुटतं आणि पाहणाऱ्यालाच नव्हे, खेळणाऱ्यालाही ते कळत नाही.

*शेवटची दहा मिनिटं.* एक-दोन सामने, आणि त्यात एकच गोष्ट मोजायची. आज उड्या, तर उड्याच. हरलात तरी उड्यांचं उत्तर बरोबर दिलं असेल तर त्या रात्रीचा सराव झाला. पॉइंट घसरतील. घसरू द्या.

रविवार

दोन तास वीस मिनिटांतला पहिला तास एकाच माणसाशी खेळा. रँक्डमध्ये समोरचा दोन-तीन गेमनंतर निघून जातो. ओळखीतला तुमच्यापेक्षा थोडा सरस खेळाडू गाठा आणि दहा गेम जिंकेपर्यंतचा सेट लावा. पाचव्या गेमनंतर तो तुमची सवय ओळखतो आणि तिचा फायदा घ्यायला लागतो, तिथून पुढचं खरं शिक्षण. त्याला सांगून ठेवा की खेळ संपल्यावर एकच वाक्य हवं: ‘तू कधी काय करणार हे मला कुठून कळत होतं?’

मग पाच मिनिटं उठून पाणी, आणि अर्धा तास रिप्ले. जिंकलेले सामने पाहू नका. हरलेल्या राउंडची शेवटची तीन मोठी नुकसानं कशाने झाली तेवढंच वहीत लिहा: उडी, इम्पॅक्ट, थ्रो, न दिलेली शिक्षा, आणि पाचवा रकाना ‘माझाच उतावळेपणा’. रिप्लेमध्येही फ्रेम मीटर दिसतो. ‘तिथे काही करताच येत नव्हतं’ असं वाटलेल्या जागी थांबवून पाहा, बऱ्याचदा करता येत होतं. दहा राउंडनंतर एक रकाना फुगलेला दिसेल. पुढच्या आठवड्याच्या चाळीस मिनिटांत त्याला पाच मिनिटं जास्त द्या आणि ती कॉम्बोंमधून कापा.

उरलेल्या पाऊण तासात कॅरेक्टरांच्या नोंदी. तुम्हाला सर्वाधिक भेटणारी सहा निवडा आणि प्रत्येकी अर्धं पान. पानावर तीनच प्रश्न: याची कोणती मूव्ह ब्लॉक केल्यावर मला मारता येते आणि कशाने? याच्याकडे उठताना रिव्हर्सल आहे का आणि त्याला किती बार लागतात? हा मला कुठे उभा बघू इच्छितो? झांगीफच्या पानावर लिहायचं की त्याच्या स्क्रू पाइलड्रायव्हर या पकडून आपटायच्या मूव्हमधून थ्रोच्या बटणांनी सुटता येत नाही, उडी मारावी लागते किंवा आधीच लांब राहावं लागतं. गाइलच्या पानावर लिहायचं की त्याला सॉनिक बूमसाठी (दुरून सोडायचा मारा) मागे दाबून चार्ज करावा लागतो, म्हणजे तो पुढे चालत असताना बूम येणार नाही. होंडाचा हेडबट ब्लॉक केल्यावर काय करायचं हे ट्रेनिंगमध्ये स्वतःच्या कॅरेक्टरने करून बघायचं, कारण उत्तर प्रत्येकाचं वेगळं निघतं. मोठे तक्ते पाठ करू नका. आणि बॅलन्सचा पॅच (कॅरेक्टरांची ताकद बदलणारं अपडेट) आला की नोंदी पुन्हा तपासा, गेल्या महिन्याचे फ्रेम या महिन्यात खोटे ठरू शकतात.

आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे रेकॉर्डिंग तयार करण्यात आणि उडी-इम्पॅक्टमध्ये जातात. तिसरा-चौथा उठण्याच्या प्रसंगाला. पाचव्यात सामन्यांचा वाटा वाढवा: रविवारचा सगळा वेळ दोन-दोन गेमच्या छोट्या सेटना द्या, शक्यतो अनोळखी लोकांशी, आणि प्रत्येक सेटनंतर दोन मिनिटं थांबून. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हरला तो उठायचा, हा ताण ऑनलाइन खेळात सहज मिळत नाही. तो असाच मुद्दाम तयार करावा लागतो. सहाव्या आठवड्यात नवीन काहीच नाही. चाळीसची वीस मिनिटं करा, आदल्या रात्री फक्त हात मोकळा करा आणि झोपा.

एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी ऐंशी मिनिटं भरून काढू नका. दमल्यावर प्रतिक्रिया मंदावतात आणि चुकीच्या वेळी दाबण्याचाच सराव होतो. अंगठा किंवा मनगट दुखायला लागलं तर त्या दिवशी फक्त रिप्ले पाहा.

स्पर्धेच्या दिवशी

पिशवीत स्वतःचा कंट्रोलर, लांब केबल, एखादा अ‍ॅडॉप्टर, पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी कोरडं. पोळीभाजीचा रोल, केळी, चिक्की चालते, वडापाव नको, तेलकट बोटं आणि स्टिक यांचं जमत नाही. खुर्चीत बसल्यावर आधी बटणं तपासा, प्रत्येक बटण दाबून, आणि मगच सामन्याला होकार द्या. तुमचा वायरलेस पॅड आधीच्या कन्सोलशी जोडलेला राहिला असेल तर उठताना तो तोडा. तो खिशात दाबला जाऊन दुसऱ्याचा सामना मध्येच थांबतो आणि बऱ्याच नियमावल्यांत पॉज म्हणजे राउंड गेला.

पहिला गेम हरलात तर लगेच ‘पुन्हा’ दाबू नका. दहा सेकंद घ्या आणि एकच प्रश्न विचारा: मला सगळ्यात जास्त कशाने लागलं? उडीने लागलं असेल तर पुढचा गेम थोडं मागे राहून, कमी बटणं दाबत. थ्रोने लागलं असेल तर उठताना उशिराच्या थ्रोचं प्रमाण वाढवा. एका वेळी एकच बदल.

लूझर्समध्ये (एकदा हरलेल्यांच्या गटात) गेल्यावर पुढचा सामना पाच मिनिटांत येईल किंवा दीड तासाने, सांगता येत नाही. या मधल्या वेळात दुसऱ्या सेटअपवर मैत्रीपूर्ण सामने खेळून दमू नका. ब्रॅकेटमध्ये (सामन्यांच्या तक्त्यात) पुढे कोण येऊ शकतं ते बघा, त्याचं कॅरेक्टर वहीत असेल तर ते अर्धं पान वाचा आणि तुमचं नाव पुकारलेलं ऐकू येईल इतक्या जवळ बसा.